ऑक्युपेशनल थेरपीच्या करिअरसाठी मार्गदर्शन: नागपुरातील एका केंद्राच्या सेवेचे परीक्षण

बारावीनंतर आरोग्यक्षेत्रातील अभ्यासक्रम निवडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी धरमपेठेत चालणाऱ्या एका खासगी मार्गदर्शन केंद्राची सेवा आम्ही माझ्या भाचीसाठी घेतली. तिला ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजार किंवा दुखापतीनंतर रोजची कामे पुन्हा स्वतः करता यावीत यासाठी रुग्णाला मदत करणारी थेरपिस्ट, व्हायचे आहे. कार्यालयातील समुपदेशन आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या थेरपिस्टसोबत एक दिवस निरीक्षण, असे या सेवेचे दोन भाग असून त्यांच्या दर्जात मोठी तफावत आहे. पुढे तक्रारीही असल्याने केंद्राचे नाव येथे देत नाही.

प्रवेशाची माहिती समुपदेशकांनी नेमकी दिली. अभ्यासक्रम तेव्हा साडेचार वर्षांचा होता, त्यात सहा महिन्यांची आंतरवासिता. पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. प्रवेश ‘नीट’च्या आधारे राज्याच्या सीईटी कक्षामार्फत. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातच, म्हणजे आपल्या मेडिकलमध्येच हा अभ्यासक्रम असल्याने मुंबई गाठावीच लागते असे नाही, हेही त्यांनी सांगितले. पसंतीक्रम भरण्याचा त्यांचा तक्ता खरोखर उपयोगी आहे. मात्र संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि त्यामुळे अभ्यासक्रम व नोंदणीचे नियम बदलू शकतात, याचा उल्लेखही झाला नाही. इतक्या वर्षांचा निर्णय घेणाऱ्या मुलीला ही गोष्ट कळायला हवी होती.

खरी उणीव पुढे दिसली. एमबीबीएस नाही तर बीडीएस, तेही नाही तर फिजिओथेरपी आणि अगदीच काही नाही तर ऑक्युपेशनल थेरपी, अशी उतरंड त्यांनी मांडली. या दोन थेरपींत फरक काय, असे भाचीने विचारले तेव्हा ‘एक पायांची, दुसरी हातांची’ असे उत्तर मिळाले. ही समजूत सर्रास आढळते, पण पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याने ती पुढे पोहोचवणे क्षम्य नाही. परदेशातील नोकरीचे चित्रही असेच फुगवलेले होते. अमेरिकेत या व्यवसायात शिरण्यासाठी आज पदव्युत्तर किंवा डॉक्टरेट पातळीचे शिक्षण लागते, शिवाय तेथील परीक्षा आणि परवाना वेगळाच. येथील पदवी घेतली की विमानात बसायचे, इतके ते सरळ नाही.

निरीक्षणाचा दिवस मात्र पूर्ण शुल्क वसूल करणारा ठरला. रामदासपेठेतील एका क्लिनिकमध्ये, प्रत्येक रुग्णाची परवानगी आधी विचारून, भाचीला आणि मला एका कोपऱ्यात बसू दिले गेले. पक्षाघातानंतर डावी बाजू दुबळी झालेल्या एका निवृत्त गृहस्थांना सदरा घालण्याचा सराव चालला होता: घालताना दुबळा हात आधी, काढताना शेवटी. त्यांना पुन्हा पंगतीत पाटावर बसून जेवायचे होते. थेरपिस्टबाईंनी ‘आता टेबलावरच जेवा’ असे सांगून विषय संपवला नाही. जमिनीवरून उठण्याची हालचाल तुकड्यातुकड्यांनी करून घेतली आणि चमच्याची मूठ जाड करून दिली. सांध्याची हालचाल आणि स्नायूंची ताकद वाढणे गरजेचेच आहे, परंतु त्या ताकदीतून माणसाला नेमके काय करायचे आहे हे येथे आधी विचारले जाते, आणि समुपदेशकांना जो फरक सांगता आला नव्हता तो हाच होता.

त्यानंतर गरम पाण्यात मऊ केलेल्या थर्मोप्लास्टिकच्या तुकड्याला एका रुग्णाच्या मनगटावर आकार देऊन स्प्लिंट, म्हणजे मनगटाला आधार देणारी पट्टी, तयार झाली. पट्टी काही मिनिटांत कडक होते, त्यामुळे हाताला घाई आणि डोळ्याला नेमकेपणा दोन्ही लागतात. पेन्सिल धरताना अडखळणाऱ्या मुलासोबतचा वेळ मला, खरे सांगायचे तर, कंटाळवाणा वाटला. भाचीला तोच सर्वांत आवडला.

दुपारच्या मोकळ्या वेळात बाईंनी व्यवसायाची पार्श्वभूमी सांगितली. १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी भारतातील पहिले प्रशिक्षण सुरू केले, तेथपासून बोलणे निघाले आणि विदर्भाकडे वळले. वर्ध्याजवळचे दत्तपूर आणि वरोऱ्याचे आनंदवन यांमुळे कुष्ठरोग्यांच्या पुनर्वसनाचे काम या भागाला नवे नाही. संवेदना गेलेल्या हाताला चटका बसल्याचेही कळत नाही, म्हणून भांड्याच्या कडीला लाकडाची मूठ बसवणे किंवा जाड कापड गुंडाळणे, हासुद्धा उपचाराचाच भाग असतो. अडचणीही त्यांनी झाकल्या नाहीत: नोंदी लिहिण्यात जाणारा वेळ, आठवड्याभरात मूल बोलू-लिहू लागेल असे धरून चालणारे पालक, आणि ‘मशीन का लावत नाही?’ असे विचारणारे नातेवाईक.

दोन्ही भागांचे मिळून ३,५०० रुपये घेतले जातात. केवळ निरीक्षणाचा दिवस घेता येईल का, असे मी विचारले असता तशी सोय नसल्याचे सांगण्यात आले. प्रवेशप्रक्रिया ज्यांना स्वतः समजून घेता येते, त्यांनी आधी ओळखीच्या थेरपिस्टकडे एक दिवस बसू देण्याची विनंती करून पाहावी. तशी ओळख नसेल तर या केंद्राचे शुल्क भरण्यास हरकत नाही, मात्र परदेशी नोकरीच्या गप्पांवर विसंबून कर्जाचा हिशेब मांडू नये.