गावठी जास्वंद हवी असेल तर
कोल्हापुरात रंकाळा तलावाकडच्या एका छोट्या नर्सरीतून मागच्या जूनमध्ये लाल गावठी जास्वंदीची दोन रोपं आणली, 60 रुपयांना एक. आजीच्या परड्यातली तीच जात: पाच पाकळ्या, मधोमध लांब तुरा, त्यावर पिवळे परागकण. मोठ्या फुलांची कलमी झाडं आमच्याकडं दोनदा मेली. ही मात्र कोल्हापूरच्या पावसात तगली, कमरेएवढी झाली. पेन्सिलीएवढी जाड काडी पानं काढून, तिरकी कापून कशी लावायची तेही मालकांनी स्वतः करून दाखवलं. एका रोपावर पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) निघाला, महिनाभर कडुनिंबाचं तेल फवारावं लागलं. तेव्हा पानं उलटून बघूनच घ्या. आता गणपतीला रोज सात-आठ फुलं निघतात. नर्सरीत पांढरी जास्वंद आली की परत जाणार.