थायरॉईडच्या 'कायमच्या इलाजा'त माझे ६३,३०० गेले

हाशिमोटो (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईड ग्रंथीवर उलटते तो आजार) निघालाय आणि कुणी "ग्रंथीच काढून टाका, रोग मुळापासून जाईल" म्हणत असेल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. माझे ४५,००० ऑपरेशनच्या बुकिंगचे, ११,८०० अँटीबॉडीच्या टेस्टचे आणि ६,५०० गळ्यात सुई घालून केलेल्या तपासणीचे. सोनोग्राफीत गाठच नव्हती, मग सुई घातली कशात?

माझा टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) ६.८, म्हणजे थोडा वाढलेला, टी४ (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) नॉर्मल, अँटी-टीपीओ (हाशिमोटोची अँटीबॉडी) ७८०, म्हणजे बरीच जास्त. एवढ्यावर ऑपरेशनचं पॅकेज विकणारा कोऑर्डिनेटर (डॉक्टर नव्हेच, कोट मात्र पांढरा) म्हणाला, ऑपरेशन झालं की थायरॉईडची गोळी कधीच लागणार नाही. त्या वाक्यालाच उठायला हवं होतं! अख्खी ग्रंथी काढली तर हार्मोन येणार कुठून, उलट थायरॉक्सिन जन्मभर घ्यावंच लागतं. पण सतत थकवा, केस गळतायत आणि घरचे म्हणतायत नुसता आळस आहे, अशा माणसाला "बरं करतो" म्हटलं की तो ऐकणारच, आणि हे त्या लोकांना बरोब्बर माहीत असतं. वर ग्रंथी काढल्यावर थकवा कमी झाला असं सांगणारा नॉर्वेचा २०१९ चा अभ्यास दाखवला. अभ्यास खरा आहे. पण त्यातले १५० जण आधीपासून गोळीवर होते, टीएसएच नॉर्मल, टीपीओ १००० च्या वर, तरी थकवा जात नव्हता. माझी तर गोळी सुरूसुद्धा केली नव्हती.

दुसऱ्या सर्जनने रिपोर्ट बघून विचारलं, गिळायला त्रास? श्वास अडकतो? कॅन्सरचा संशय? ग्रेव्हज (थायरॉईड जास्त काम करण्याचा आजार)? काहीच नाही, मग कापायचं कशासाठी? आवाजाची नस दुखावू शकते, कॅल्शियम घसरू शकतं, हे पॅकेजवाल्यांनी चकार शब्दाने सांगितलं नव्हतं.

रिफंड मागितला तर "नॉन-रिफंडेबल". पोलीस म्हणाले हे दिवाणी प्रकरण, आमचा संबंध नाही. ग्राहक तक्रारीवाले म्हणाले आधी मेडिकल कौन्सिलचं पत्र आणा, कौन्सिल म्हणते कोऑर्डिनेटर डॉक्टर नाही म्हणून आमच्याकडे येत नाही, आणि ज्या डॉक्टरची सही आहे त्याने तुम्हाला कापलंच नाही तर तक्रार कसली! म्हणजे आधी गळा कापून घ्यायचा आणि मग अर्ज करायचा का? सगळे पगारी, सगळे जेवायला गेलेले.

टीपीओ दर महिन्याला करायला सांगतात ना, नका करू, गोळीचा डोस टीएसएचवर ठरतो. आणि पावती तिथेच उभं राहून वाचा. माझ्या ४५,००० च्या पावतीवर नुसतं 'कन्सल्टेशन' लिहिलंय, ऑपरेशनचं नाव कुठेच नाही.