डॅन्यूबवरची पहिली क्रूझ आणि आमची सल्लागार: सगळं आटोपल्यावरचा अनुभव

आधी पैशांचं सांगते, कारण ओळखीतले सगळे तेच विचारतात. ट्रॅव्हल सल्लागाराला आम्ही दोघांचे मिळून 10,000 रुपये फी दिली, पहिल्याच भेटीत, परत न मिळण्याच्या बोलीवर. शिवाय क्रूझ कंपनी तिला कमिशन देते, हे तिने आपणहून सांगितलं. घरी येऊन मी कंपनीच्या साइटवर त्याच केबिनचा भाव बघितला, तर तोच होता. तेव्हा स्वस्तात पडेल म्हणून कुणी सल्लागार गाठणार असेल, तर राहू द्या.

आम्ही युरोपात डॅन्यूब नदीवर गेलो मे 2025 मध्ये. तिच्याकडे पहिल्यांदा गेलो सप्टेंबर 2024 मध्ये. म्हणजे सात रात्रींच्या बोटीसाठी आठ महिने या बाईंशी संबंध आला, आणि ह्या लेखातलं बरंचसं त्या आठ महिन्यांबद्दलच आहे.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, निम्मी नोकरी सांगलीत. "बारा दिवसांत दहा देश" छापाची टूर आम्ही एकदा केली होती आणि रोज पहाटे पाचला बॅगा दाराबाहेर ठेवून कंटाळलो होतो. नदीवरच्या क्रूझमध्ये बॅग एकदाच उघडायची, हॉटेलच गावोगाव फिरतं, एवढं ऐकून आम्ही जर्मनीतलं न्यूरेंबर्ग ते हंगेरीतलं बुडापेस्ट असं ठरवूनच तिच्याकडे गेलो होतो.

तिने मार्गाबद्दल काही न बोलता विचारलं, "काकू, काका जिना उतरताना आधी कुठला पाय टाकतात?"

मी गप्प. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी हे कधी बघितलं नव्हतं. ह्यांनीच सांगितलं, डावा, आणि हाताने कठडा धरून. मग तिने बोटीचा आराखडा काढला. सर्वात स्वस्त केबिन सर्वात खालच्या मजल्यावर, तिथपर्यंत लिफ्टच जात नाही, आणि खिडकी म्हणजे छताला टेकलेली एक पट्टी, तीही न उघडणारी. तिने त्या अख्ख्या मजल्यावर पेन्सिलने फुली मारली. मधल्या मजल्यावर मागच्या टोकाला इंजिनाचा आवाज येतो, तिथे दुसरी फुली. उरल्या त्यातली मधोमधची केबिन आम्ही घेतली. प्रत्येक गावात पायी फिरताना सावकाश चालणाऱ्यांचा वेगळा गट असतो का, हेही तिने कंपनीला मेल करून विचारून घेतलं. असतो. तिथले जुने रस्ते दगडी गोट्यांचे आहेत, गुडघेवाल्यांनी हे नक्की विचारावं.

दुसरा तिचा नकार न्यूरेंबर्गला. तेव्हा मला तो आगाऊपणा वाटला होता. न्यूरेंबर्ग मुळात डॅन्यूबवर नाहीच. तिथून 1992 साली पूर्ण झालेल्या माइन-डॅन्यूब कालव्याने डॅन्यूबवर यायचं. त्या कालव्याची लॉक्स, म्हणजे बोट आत घेऊन पाणी वरखाली करायचे दारवाले हौद, 12 मीटर रुंद, म्हणून ह्या बोटी बहुतेक सगळ्या 11.4 मीटर रुंदीच्या, लांबी मात्र 110 किंवा 135 मीटर. (पेन्सिल बॉक्स पाण्यात सोडल्यासारखी दिसते.) पण खरी अडचण कालव्याच्या पुढे आहे. स्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन ह्या सुमारे 70 किलोमीटरच्या टप्प्यात बंधारा नाही, नदी मोकळी वाहते. पाणी उतरलं की बोट तळाला टेकेल म्हणून थांबवतात, फार चढलं की पुलाखालून जात नाही. मग प्रवाशांना बसमध्ये बसवून पलीकडे नेतात आणि तिथे त्याच कंपनीच्या दुसऱ्या बोटीत चढवतात. म्हणजे बॅग एकदाच उघडायची, हा सगळा मुद्दाच गेला. त्यापेक्षा हा टप्पा संपल्यावर पुढे लागणाऱ्या पासाऊहून बसा, ती म्हणाली.

ह्यांना हे लगेच पटलं, मला नाही. मला न्यूरेंबर्गचा किल्ला बघायचा होता. ह्या भेटीला आठवडा झाला नसेल, तोच बोरिस वादळ आलं. ऑस्ट्रियात डॅन्यूबवरची वाहतूक बंद पडली, व्हिएन्नात प्रवाशांसकट बोटी अडकल्या, बुडापेस्टच्या घाटांवर पाणी आलं. मी तिला घाबरून फोन केला. तिने धीर वगैरे काही दिला नाही. म्हणाली, "पासाऊहून बसलात तरी पूर आला तर अडकालच, काकू. करारातलं एक कलम पाठवते, ते वाचा आणि मग पैसे भरायचे की नाही ते ठरवा." पाणी कमीजास्त झालं तर कंपनी बस किंवा हॉटेल देईल, मार्ग बदलेल, त्यासाठी पैसे परत मिळणार नाहीत, असं ते कलम होतं. ते वाचून आम्ही पैसे भरले. इंटरनेटवरून स्वतः बुकिंग केलं असतं तर त्या कलमाखाली मी न वाचताच टिक केलं असतं.

आता तक्रारी. पहिली व्हिसाची. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा. बोट रात्रभर चालते, झोपताना एक देश, उठताना दुसरा. आमचा हिशेब ऑस्ट्रियाच्या बाजूने येत होता, पण व्हिसा केंद्रात काउंटरवरच्या मुलीने "रात्रवार कागद कुठे?" असं विचारलं आणि आमच्याकडे नुसतं कंपनीचं बिल. कुठल्या रात्री बोट कुठे, असं पत्र लागतं हे सल्लागाराला माहीत असायला हवं होतं. पत्र यायला चार दिवस गेले, आम्हाला पुणे-मुंबई दोनदा करावी लागली. तिने चूक मान्य केली, दुसऱ्या खेपेच्या टॅक्सीचे पैसे देऊ केले. आम्ही घेतले नाहीत, पण बरं वाटलं.

दुसरी तक्रार अजून गेलेली नाही. केबिनला काचेचं सरकतं दार आणि बाहेर कठडा, ह्यासाठी आम्ही जास्तीचे पैसे मोजले. व्हिएन्नात धक्क्यावर जागा कमी, म्हणून बोटी एकमेकींना खेटून बांधतात. दोन दिवस आमच्या दारासमोर हातभर अंतरावर दुसऱ्या बोटीतले एक आजोबा बनियनवर दात घासत होते. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकांकडे बघून हसलो, दुसऱ्या दिवशी दोघांनीही पडदे ओढले. परत आल्यावर तिला विचारलं तर म्हणाली, "हे सगळीकडेच होतं, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." मला माहीत असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते?

जेवणाचं तिने निम्मं बरोबर सांगितलं. मी शाकाहारी आहे, हे तिने आधीच कळवलं होतं, त्यामुळे रोज वेगळं काहीतरी मिळत होतं. पण मे म्हणजे तिकडे पांढऱ्या ॲस्परॅगस भाजीचा मोसम. सूप त्याचं, मुख्य जेवणात तोच, एकदा कोशिंबिरीतही. पाचव्या दिवशी मी मेतकूट काढलं, भात मागितला आणि वेटर काय खातेय म्हणून बघत उभा राहिला. ऑस्ट्रियातल्या वाखाऊ खोऱ्यातले जर्दाळू मात्र आम्हाला दिसणार नाहीत, फुलं एप्रिलमध्ये संपतात आणि फळं जुलैत येतात, हे तिने बजावून सांगितलं होतं. माहितीपत्रकावर फुलंच फुलं होती.

बोटीवरचं सगळं सांगत बसत नाही. पासाऊत जुन्या नगरपालिकेच्या भिंतीवर पुराच्या खुणा केल्यात, 2013 ची खूप वर, 1501 चीही तिच्याजवळच. हे तिथून हलेनात. सांगलीच्या आयर्विन पुलाची पुराचं पाणी मोजायची पट्टी आठवली असणार, ज्या पट्टीवरच्या फुटांनी आमच्या कितीतरी ऑगस्टातल्या रात्री गेल्या. पुढे बुडापेस्टपर्यंत अकरा लॉक्स, आणि रात्री दोनला असो की चारला, हे स्वेटर घालून वर. बोट आत शिरते, दार बंद होतं, पाणी सोडतात आणि ओली भिंत दोन्ही बाजूंनी वर चढायला लागते. एकदा मीही गेले. हात लांब केला असता तर शेवाळ बोटाला लागलं असतं.

टीसीएसबद्दल (टूरच्या पैशांबरोबरच वसूल होणारा कर) दोन ओळी. आमचं बुकिंग 2024-25 चं. तेव्हा परदेशी टूरवर एका पॅनवर वर्षाला 7 लाखांपर्यंत 5 टक्के, त्यापुढे 20 टक्के असा नियम होता. नंतर तो बदलला, तेव्हा आजचा दर बघून घ्या. सल्लागाराने बिलं दोघांच्या पॅनवर वेगळी करायला लावली, त्यामुळे आम्ही खालच्या दरात बसलो. ते पैसे रिटर्न भरल्यावर परत आले.

ह्यांनी आता आपल्याकडची ब्रह्मपुत्रा काढली आहे. परवा मी सल्लागाराला फोन केला. फी किती ते तिने सांगितलं, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "काकू, ह्यावेळी बोटी खेटून बांधतात का, ते मी आधी विचारून घेते."