देवळाचा देणगी फलक कोरून घेतला त्याचा अनुभव (शहापूर, बेळगाव)

आमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, खानापूर तालुक्यात, आणि खजिनदार मी असल्यामुळं देणगीदारांच्या नावांचा दगड करून आणायचं काम माझ्याकडंच आलं. शहापुरात आतल्या गल्लीत एक नवीन दुकान सुरू झालंय, मालक तिशीतला मुलगा, तिथून करून घेतला. कुणाला देवळासाठी नाहीतर शाळेसाठी फलक करायचा असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितोय, जरा लांबेल, कारण मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि या दगडाच्या निमित्तानं आमच्या कमिटीत जो वाद झाला तो माझ्या विषयातलाच निघाला.

आधी काम कसं आहे ते. काळा ग्रॅनाईट, चार फूट बाय तीन, कोरायचे अक्षराला १८ रुपये, दगडाचे वेगळे. नावं कॉम्प्युटरवर टाईप करून स्टिकर कापतात, तो दगडावर चिकटवून वाळूचा फवारा मारतात, जिथं स्टिकर नाही तिथं दगड खोल जातो, मग सोनेरी रंग भरायचा. खोली मस्त आलीय, बोट फिरवलं की कळतं. मुलाच्या घरी कन्नड बोलतात पण मराठी अक्षरांत एकही घोळ नाही, वरची कन्नड ओळ आणि खालची मराठी एका मापात बसवलीय, आपल्या भागात हे बघावंच लागतं. एका कोपऱ्यात रंग थोडा पसरलाय आणि काम सांगितल्यापेक्षा नऊ दिवस उशिरा मिळालं, तेवढ्यासाठी एक स्टार कमी. आणि प्रूफ व्हॉट्सॲपवर येतं ते मोबाईलवर बघून ओके करू नका!! आमच्यात एका हयात माणसाच्या नावापुढं कै. लागलं होतं, वरच्या ओळीतलं खाली सरकून, वेळेत दिसलं म्हणून बरं. प्रिंट काढा आणि गावातल्या जुन्या माणसाकडून वाचून घ्या.

आता वादाचं. ऑर्डर घेताना मुलगा म्हणाला, "सर, नावापुढं रक्कम घालू की नुसतं नाव?" मी म्हटलं कमिटीला विचारून सांगतो, आणि त्या विचारण्यात दोन बैठका गेल्या.

आमचा नियम होता की ५,००१ दिले तर दगडावर नाव. पावती पुस्तक उघडून बघितलं तर दगडावर जाणारी अर्ध्याहून जास्त नावं बरोबर ५,००१ ची, आणि ४,००० दिलेला एकही माणूस नाही. विल्यम हार्बॉ नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९९८ मध्ये यावरच लिहिलंय, तिकडं अमेरिकेत संस्था देणगीदारांची नावं गटागटानं छापतात, अमुक ते तमुक डॉलर, आणि लोक नेमकं गटाच्या खालच्या काठावर येऊन थांबतात. आपल्याकडं ती रेघ दगडावर असते एवढाच फरक.

यावर कमिटीतले एक काका म्हणाले, नावासाठी देतात ते दान कसलं, दगडच नको. मला हे अजिबात पटलं नाही आणि अजूनही पटत नाही. इटलीतल्या एका गावातल्या रक्तदात्यांवर लॅसेटेरा आणि मॅसिस यांनी अभ्यास केलाय (२०१०), ठराविक वेळा रक्त दिलं की मेडल, तर मेडल जवळ आलं की लोक जास्त वेळा रक्त द्यायचे, पण कधी, तर नाव पेपरात येणार असेल आणि मेडल सगळ्यांसमोर मिळणार असेल तेव्हाच. नावासाठी दिलेलं रक्त पेशंटला कमी लागू पडतं काय? आमचा स्लॅब पण त्याच पैशातून टाकलाय.

आणि नाव वाचणाऱ्यालाही त्यातून काहीतरी कळत असतं. विश्वासाचा खेळ म्हणून एक प्रयोग आहे, १९९५ पासून चालत आलेला, पहिल्याला थोडे पैसे द्यायचे, त्यातले तो जेवढे पाठवेल त्याच्या तिप्पट दुसऱ्याला मिळतात, आणि परत किती द्यायचे ही दुसऱ्याची मर्जी, एक पैसा नाही दिला तरी कोण विचारणार नाही. फेहरलर आणि प्शेपिओर्का यांनी २०१३ मध्ये याला देणगी जोडली. ज्यांनी देणगी दिलेली दिसली त्यांच्यावर लोकांनी जास्त विश्वास टाकला, आणि देणगी देणारे खरंच जास्त भरवशाचे निघाले. म्हणजे गावात स्थळ बघताना, भागीदारीत धंदा करताना माणसं देवळातला दगड वाचतात ते उगीच नाही.

पण दुसरी बाजू पण आहे आणि मला ती जास्त लागली. डाना, केन आणि डॉस यांचा २००६ चा प्रयोग, हातात १० डॉलर, समोरच्याला हवे तेवढे द्या, काहीच नाही दिलं तरी चालतं, नाहीतर ९ घेऊन गुपचूप निघून जा, समोरच्याला खेळ होता हेच कळणार नाही. साधारण तिसरा हिस्सा लोक १ डॉलर सोडून निघून गेले. आम्ही वर्गणीला फिरलो तेव्हा काही दारं उघडलीच नाहीत, आतून टीव्हीचा आवाज येत होता, मी तेव्हा चिडलो होतो. आता वाटतं त्यातल्या काहींकडं खरंच नसणार, आणि दगडावर रक्कम कोरली तर त्यांना जन्मभर देवळात मान खाली घालून यावं लागेल. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी २०० रुपये दिले, पण गवंड्यांना रोज ताक आणि भाकरी त्यांच्या घरची होती, पाच महिने. ते कुठल्या रकान्यात घालणार?

शेवटी मी हट्ट धरला आणि रक्कम काढली, नावं अकारविल्हे, आणि खाली "श्रमदान व अन्नदान" म्हणून वेगळी नावं, त्यात आजी पहिल्या. खर्च वाढणार होता, म्हटलं चालतंय.

मुलाला नवीन यादी दिली तर म्हणाला, "आयतु (ठीक आहे) सर, खालच्या नावांचे कोरायचे पैसे मी घेत नाही." विचारलं तर देवळं आणि सरकारी शाळा यांचा वरचा मथळा पण तो फुकटच कोरतो, दुकानात तसा बोर्ड कुठंच नाही. ईबे या ऑनलाईन बाजारात जे विक्रेते विक्रीतला भाग धर्मादाय देतात त्यांचा माल जास्त विकला जातो, आणि ज्यांचं नाव अजून झालेलं नाही अशा नवीन विक्रेत्यांना त्याचा फायदा जास्त होतो, असं २०१२ च्या एका अभ्यासात आहे. हा पण नवीनच, एकही रिव्ह्यू नव्हता, तरी मी त्याच दिवशी सगळे पैसे आगाऊ देऊन आलो. दगड आला तेव्हा खालच्या ओळीतली अक्षरं वरच्यापेक्षा रेसभर पण उथळ नव्हती, मी बोटानं तपासली.

गल्लीत गाडी जात नाही, दगड उचलायला चार माणसं घेऊन जा.