गोडो ४ आणि ‘क्षत्रिय’ची परीक्षा

आमच्या टीममध्ये दोघंच. मावसबहीण चित्रं काढते, मी कोड लिहितो. मराठी शब्दकोड्यांचा अँड्रॉइड गेम करायचा होता, म्हणून गेम इंजिन (गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर, गोडो हे त्यातलंच एक) निवडताना मी एकच परीक्षा घेतली: स्क्रीनवर ‘क्षत्रिय’ लिहून बघायचं.

आधीच्या इंजिनात (नाव राहू दे) क्षचा पाय मोडायचा आणि पहिली वेलांटी सरळ दुसरीच्या जागी जाऊन बसायची. गोडो ३ मध्येही जोडाक्षरांची हीच रड. मार्च २०२३ मध्ये गोडो ४.० आलं, त्यात हार्फबझवर (अक्षरं नीट जोडून मांडणारी लायब्ररी) चालणारी नवी मजकूर-व्यवस्था आली. मुक्ता फॉन्ट टाकला, लेबलमध्ये शब्द लिहिला, आणि तो शाळेच्या पुस्तकात छापावा तसा दिसला. बहीण म्हणाली, “बस, हेच घे.”

दिसणं सुटलं, मोजणं नाही. कोडमध्ये ‘क्षत्रिय’ची लेंग्थ, म्हणजे लांबी, विचारली तर उत्तर येतं ८, कारण हलंत, वेलांटी सगळं वेगवेगळं मोजलं जातं. कोड्यात चौकोन हवेत तीन: क्ष, त्रि, य. हलंतानंतरचं व्यंजन आणि पुढची मात्रा आधीच्या अक्षराला चिकटवणारं छोटं फंक्शन लिहिलं. गोडोची स्वतःची भाषा जीडीस्क्रिप्ट पायथनसारखी असल्यामुळे एका संध्याकाळीत झालं.

गोडोची झिप शंभर एमबीच्या आत. इन्स्टॉल करायची भानगड नाही, उघडा आणि सुरू करा. माझ्या ८ जीबी रॅमच्या, ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर कॉम्पॅटिबिलिटी रेंडरर (चित्र काढायची हलकी पद्धत) निवडला की पंखा ओरडत नाही. एमआयटी हा मुक्त परवाना आहे, म्हणजे कमाईतला वाटा कुणाला द्यायचा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या दुसऱ्या गेम इंजिनच्या कंपनीने गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं आणि वर्षभराने मागे घेतलं. ते शुल्क ज्या मर्यादेनंतर लागणार होतं, तिच्या जवळपासही आमची उलाढाल नव्हती, पण धास्ती बसायची ती बसलीच.

त्रास? अँड्रॉइडसाठी एक्सपोर्ट टेम्प्लेट (गेमचं ॲप बनवायला लागणाऱ्या फायली) वेगळे उतरवायचे, ते जवळपास एक जीबी. वर जेडीके आणि अँड्रॉइड एसडीके, म्हणजे जावा आणि अँड्रॉइडची डेव्हलपरसाठीची साधनं. माझा अख्खा रविवार त्यात गेला. जाहिराती दाखवायची सोय आत नाही, बाहेरचं प्लगइन शोधावं लागतं. प्लेस्टेशनसारख्या कन्सोलवर गेम न्यायचा असेल तर तिसऱ्या कंपनीचं दार ठोठावावं लागतं. सी शार्प या दुसऱ्या भाषेत लिहून ब्राउझरवर चालवायचा बेत असेल तर गोडो ४ घेऊच नका, तो एक्सपोर्ट त्यात होत नाही.

बहिणीची तक्रार एवढीच, की ॲनिमेशन प्लेयरची खिडकी तिच्या छोट्या स्क्रीनवर फार जागा खाते.