गेम बॉय ॲडव्हान्समधली आयपीएस स्क्रीन: काही महिन्यांच्या वापरानंतर

२००१ च्या गेम बॉय ॲडव्हान्स या निन्टेन्डोच्या हातात धरायच्या गेम कन्सोलच्या मूळ पडद्याला बॅकलाइटच नाही, म्हणून लोक आयपीएस किट, म्हणजे बॅकलाइट असलेला नवा एलसीडी पडदा, बसवतात. धास्ती सगळ्यांना सोल्डरिंगची असते. काम बिघडतं ते मात्र प्लास्टिक कापताना.

मागे सहा ट्राय-विंग (तीन पात्यांच्या खाचेचे) स्क्रू, बॅटरीच्या कप्प्यात एक साधा. ट्राय-विंगला चपटा पेचकस लावू नका, डोकं झिजलं की ड्रिलशिवाय निघत नाही. एल-आर बटणं पिनेसकट सुटून पडतात, ती आधी बाजूला ठेवा. आत बोर्डाला तीन स्क्रू. पडद्याची चपटी केबल (रिबन) जिथे बोर्डात बसते त्या कनेक्टरची पट्टी दोन्ही टोकांनी आळीपाळीने, अगदी थोडी थोडी सरकवायची. एकीकडूनच ओढली तर कान तुटतो, आणि तो कनेक्टर बदलणं बाकी सगळ्या कामापेक्षा अवघड. बोर्डावरचा हा कनेक्टर ३२ पिनांचा असतो किंवा ४० पिनांचा. किटमध्ये दोन्ही रिबन आहेत ना, हे मागवतानाच बघा.

आता कापणं. नवं पॅनेल मूळ पडद्यापेक्षा मोठं, त्यामुळे खिडकीभोवतीच्या आतल्या कडा फ्लश कटरने उडवून कानशीने सपाट कराव्या लागतात. एखादा उंचवटा राहिला तर शेल (बाहेरचं प्लास्टिकचं कवच) आवळताना तिथेच दाब येतो आणि काचेचा कोपरा तडकतो. मूळ शेलचा हट्ट नसेल तर आयपीएससाठीच बनवलेलं शेल घ्या. स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा, ‘टक’ झालं की मग आवळा, म्हणजे प्लास्टिकचे आटे शाबूत राहतात. रिबनखाली कॅप्टॉन टेप (वीज वाहू न देणारी टेप) हवीच.

बटणांनी ब्राइटनेस बदलायचा तर किटच्या तीनच तारा बोर्डावरच्या टीपी (टेस्ट पॉइंट) ठिपक्यांना सोल्डर करायच्या: सिलेक्ट टीपी२ ला, आर टीपी८ ला, एल टीपी९ ला. त्या नाही जोडल्या तरी स्क्रीन चालते.

गेमचं २४०×१६० पिक्सेलचं चित्र नव्या पडद्याच्या ७२०×४८० वर नेमकं तिप्पट बसतं, त्यामुळे कडा रेखीव दिसतात. पण जुन्या अंधाऱ्या पडद्यासाठी मुद्दाम भडक केलेले रंग इथे फारच उजळ वाटतात, आणि पारदर्शक सावलीसाठी चित्र लुकलुकवणाऱ्या गेम्समध्ये ती लुकलुक उघडी पडते. बॅटरी मूळच्या निम्म्याच्या आसपास टिकते. १.२ व्होल्टच्या रिचार्जेबल सेलवर लाल दिवा लवकर लागतो, त्याने घाबरू नका.

गेम मधेच रीसेट होऊ लागला तर किटला दोष देण्याआधी पॉवर स्विच बघा. किट जास्त करंट ओढतं, म्हणून मळलेल्या स्विचवरचा व्होल्टेज ड्रॉप आता जाणवू लागतो. सेल काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडा, स्विच वीस-पंचवीसदा पुढे-मागे करा आणि पूर्ण वाळू द्या.