कारवान कुत्रं शोला न्यायचंय: पट्टा स्वतः धरायचा की हँडलरकडे द्यायचा?

थंडी पडली की डॉग शोचा हंगाम सुरू होतो. मग सांगली, मिरज, जत भागातले नवे मालक विचारू लागतात: रिंगमध्ये, म्हणजे जजसमोरच्या आखाड्यात, मीच पळू की हँडलर (पैसे घेऊन दुसऱ्याचं कुत्रं दाखवणारा माणूस) लावू?

खर्चाचं आधी उरकू. स्वतः धरलं तर एंट्री फी, गाडीचं डिझेल आणि दिवसभराचं चहापाणी. हँडलर लावला तर त्याची शोमागे फी, आणि कुत्रं जिंकलं की बरेच जण वर बक्षिसी घेतात. एवढ्यावर निर्णय घेऊ नका.

खरा फरक पडतो तो हातात. रिंगमध्ये कुत्र्याला स्टॅक करायचं, म्हणजे चारही पाय जागच्या जागी ठेवून पाठीची रेघ दिसेल असं उभं करायचं. जज दात बघतो, अंगावरून हात फिरवतो, नराचे अंडकोष तपासतो आणि मग सरळ किंवा त्रिकोणात पळवायला सांगतो. हे सगळं काही मिनिटांत आटोपतं. नवखा माणूस हमखास जज आणि कुत्रं यांच्या मध्ये येतो, नाहीतर पट्टा इतका वर ताणतो की पुढचे पाय जमिनीला धड टेकतच नाहीत आणि चाल वाया जाते. मुरलेल्या हँडलरला हे सांगावं लागत नाही. म्हणून लॅब्राडॉर, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड असेल तर पहिल्या हंगामात हँडलर लावा आणि रिंगबाहेर उभं राहून त्याचे हात बघा. या जातींत क्लास, म्हणजे एकत्र तपासला जाणारा गट, भरलेला असतो आणि समोर व्यावसायिक मंडळी असतात.

कारवानचं, म्हणजे आपल्या देशी शिकारी कुत्र्याचं, तसं नाही. परक्याचा हात या जातीला सहसा खपत नाही. शोच्या सकाळीच ओळख झालेल्या हँडलरकडे पट्टा दिला, की शेपूट पोटाखाली आणि मान मालकाच्या दिशेला. मग मालक बाहेरून शिट्टी घालतो, हाक मारतो. याला डबल हँडलिंग म्हणतात. ते शिष्टाचाराला धरून नाही आणि शेजारच्या स्पर्धकावर अन्यायही आहे. त्यापेक्षा तुम्हीच धरा. रोज संध्याकाळी शेजारच्या काकांना, दूधवाल्याला, कोणालाही दात बघायला लावा. कुत्रं हे सहन करायला शिकलं की अर्धं काम झालं.

‘जज हँडलरचं तोंड बघून निकाल देतात’ ही तक्रार तुमच्याही कानावर येईल. कधी खरी असेलही. पण माझ्या मते बऱ्याचदा चांगलं दाखवलेलं कुत्रं वर जातं आणि मालकाला फक्त हँडलरचा चेहरा दिसतो. तुमच्या हातात एवढंच आहे: जज तुमच्या कुत्र्याचा ब्रीडर किंवा तुमचा नातलग असेल तर त्याच्याकडे एंट्रीच करू नका. हँडलर लावत असाल तर त्याचे त्या जजशी काही व्यवहार आहेत का, हे सरळ विचारा.

आपल्याकडे सवय वेगळी लागलेली असते. खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंडाभोवती कोंडाळं करून सगळेच पंच होतात. रिंगमध्ये ते चालत नाही. जजला कुत्र्याचं नाव, घराणं, मागची बक्षिसं सांगायची नाहीत. वय विचारलं तर वय सांगायचं आणि गप्प राहायचं. पुढच्या कुत्र्याच्या शेपटीला नाक लागेल इतकं जवळ पळवू नका. कुत्र्याला आमिष म्हणून हातात धरलेला लिव्हरचा तुकडा खाली पडला तर उचला, नाहीतर मागचं कुत्रं तिथेच हुंगत थांबतं. तिसरा नंबर आला तरी पहिल्याचं अभिनंदन करून मगच बाहेर पडा. निकालाबद्दल विचारायचं असेल तर दिवसभराचं जजिंग संपल्यावर, आणि तेही ‘माझ्या कुत्र्यात काय कमी वाटलं?’ असं. ‘त्याला का दिलं?’ असं नको.

पट्टा कोणीही धरला तरी कागदांचं सारखंच. केनेल क्लब ऑफ इंडियाकडे कारवान ही जात ‘कारवान हाउंड’ म्हणून नोंदते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबकडे ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. शो कोणाच्या नियमांखाली आहे ते बघूनच एंट्री भरा.

गुडघे कुरकुरतात, पळवत नाही, म्हणून कारवानलाही हँडलरच लावायचा असेल, तर बोलणी आधी करा. त्याच्याकडे त्या दिवशी किती कुत्री आहेत? ग्रुपमध्ये (वेगवेगळ्या जातींचे विजेते एकत्र येतात त्या फेरीत) त्याचीच दोन समोरासमोर आली तर तो कोणाचा पट्टा धरणार? ट्रॉफी कोणाकडे राहणार, कुत्रं पिंजऱ्यात किती तास राहणार? आणि ऐनवेळी त्याच्या पोऱ्याच्या हाती पट्टा जाणार असेल, तर हँडलरसोबत त्या पोऱ्यालाही शोच्या आधी दोन-तीनदा घरी बोलवा, चहा पाजा आणि कुत्र्याला त्याचे हात निवांत हुंगू द्या.